दही लागलं नाही? दोष हाताचा नव्हे!

नव्या सुनेनं सासरी पहिल्यांदा विरजण लावावं आणि सकाळी झाकण काढल्यावर भांड्यात दह्याऐवजी दूधच डुचमळावं, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हाताला गुणच नाही हिच्या!" इडलीचं पीठ फुगलं नाही, हात. अनारसे तुपात हसले, हात. बरणीतल्या लोणच्यावर बुरशी दिसली, तर मग हातावरही भागत नाही. 'कुणी शिवलं होतं का?' इथपर्यंत चौकशी जाते. पदार्थ बिघडला की आधी बाईकडे पाहायचं आणि मग भांड्याकडे, ही आपल्याकडची जुनी रीत.

भगिनींनो, या बाबतीत हाताला फार थोडं कळतं. जे काही कळतं ते उबेला, वेळेला, पाण्याला आणि मिठाला. ही चार माणसं नीट ओळखली तर दोष कुणाचा ते लगेच सापडतं. आणि आणखी एक दिलासा! स्वयंपाकातल्या इतर चुकांपेक्षा आंबवण्यातल्या चुका पुष्कळ सोप्या. करपलेली भाजी पुन्हा ताजी होत नाही, तळलेली पुरी परत लाटता येत नाही. पण सकाळी न लागलेलं दही दुपारपर्यंत लागू शकतं. आंबवण्याचं काम आपल्या चुका पोटात घालणारं आहे, अगदी माहेरच्या माणसासारखं. मात्र माहेरचं माणूससुद्धा काही गोष्टी खपवून घेत नाही. त्या कोणत्या, तेही शेवटी सांगणार आहे.

भांड्यात काम कोण करतं?

दूध का आंबतं याचा उलगडा फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं १८५७ साली केला. आंबणं ही आपोआप होणारी गोष्ट नसून डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव ते काम करतात, असं त्यानं दाखवलं. पुढं १८७६ साली त्यानं एक अख्खं पुस्तक लिहिलं ते बिअरवर. चांगली बिअर मधेच का बिघडते, हा त्याचा प्रश्न होता, आणि उत्तर तेच: हवे ते जीव मागे पडले आणि नको ते पुढे गेले.

बिअरचं नाव वाचून दचकू नका हं! आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी मद्य करणं कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा कृती काही मी देत नाही. पण परदेशात हा घरगुती छंद आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत तशी मोकळीक देणारा कायदा १९७८ साली झाला. आणि मागे गेलात तर मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये घरोघरची बिअर गाळणं हे बहुतेक बायकांचंच काम होतं, भाकरी करण्यासारखं.

ही छंदी मंडळी नेहमी सांगतात, की नवखा माणूस किती का चुकेना, शेवटी बिअर होतेच. थोडी गोड, थोडी कडू, थोडी पचपचीत, पण होते. याचं कारण कळलं की आपलं दहीसुद्धा कळतं. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं पाणी आधी खळखळून उकळतात. त्यात असलेले बहुतेक जंतू मरतात. त्यात हॉप्स नावाची कडवट फुलं पडतात; ती पुष्कळशा नको त्या जीवांना वाढू देत नाहीत. मग पाणी गार झाल्यावर भरपूर यीस्ट घालतात. ते भराभर साखर खातं, मद्य आणि आंबटपणा तयार करतं, आणि इतरांना जागाच उरत नाही. पंगतीत आधी बसलेल्यानं ताटं रिकामी केल्यावर उशिरा आलेल्याला काय मिळणार? आपण फक्त योग्य पाहुण्याला आधी बसवायचं. बाकीचं तो पाहून घेतो.

आपल्या घरातही हेच चालतं. बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, ती युक्ती बार्लीचीच: मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. त्याच नाचणीची सिक्कीम आणि पूर्व नेपाळकडे तोंगबा नावाची आंबवलेली पेयं करतात. आपण तिची आंबील करतो. गोव्यात सन्नां फुगवायला माडाची सूर घालायची पद्धत आहे, म्हणजे तिथं पेयातलं यीस्टच पिठात येतं. नावं निराळी, भांडी निराळी, काम एकच.

आधी नाकाला विचारा

कुठलंही आंबवण फसलंसं वाटलं की लगेच ओतून टाकू नका आणि रडू तर मुळीच नका. झाकण काढून वास घ्या. प्रश्न एकच: आंबूस वास आहे का?

आंबूस वास असेल तर काम सुरू आहे, फक्त मंद चाललंय. ऊब द्या आणि थांबा. आंबूस वास मुळीच नसेल तर काम सुरूच झालेलं नाही. नव्यानं सुरुवात करायला हवी. आणि घाण, कुजकट वास असेल तर भलत्याच पाहुण्यांनी पंगत मारली आहे. ते फेकायचं. आपल्या भाषेत आंबणं आणि नासणं हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगीच नव्हेत.

दह्याच्या चुका

दही लागतं म्हणजे काय? विरजणातले जीव दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आंबटपणा मोजायची एक पट्टी असते, तिला पीएच म्हणतात. आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त. ताज्या दुधाचा आकडा साडेसहाच्या थोडा वर असतो, तो ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं प्रथिन घट्ट धरतं. हा ४.६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

*दूध फार गरम होतं.* सगळ्यांत जास्त होणारी चूक ही. विरजणाला चाळीस ते पंचेचाळीस अंशांची ऊब पुरते. वाफाळत्या दुधात ते मरून जातं. घरात मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. स्वच्छ करंगळी बुडवून दहा आकडे सुखानं मोजता आले की दूध बरोबर. सकाळी दूध जसंच्या तसं आणि आंबूस वासही नाही, तर ओळखा की विरजण मेलं. दूध पुन्हा एक उकळी आणून घ्या, कोमट करा आणि ताजं विरजण लावा. लिटरभर दुधाला एक-दोन चमचे पुरेत. मात्र आधी विरजण दुधात नीट घोळवून घ्या.

*दूध गार होतं किंवा थंडी कडक होती.* पुण्या-नाशिकला डिसेंबरात रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. अशा वेळी विरजणही पांघरूण घेऊन झोपतं. सकाळी भांड्याला आंबूस वास असेल तर ते भांडं कोमट पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा, वरून जाड टॉवेल गुंडाळा आणि तीन-चार तास त्याच्याकडे फिरकू नका. हलवून हलवून पाहिलं तर धरलेलं दहीसुद्धा मोडतं.

*दही आंबट झालं.* ऊब किंवा वेळ जास्त झाली, इतकंच. कढी करा, ढोकळ्याच्या पिठात घाला, मठ्ठा करा. उद्याचं विरजण मात्र या दह्याचं घेऊ नका. शेजारणीकडून गोडसर दह्याचा चमचा आणा.

*दह्याला तार आली.* विरजणात चिकटपणा तयार करणारे जीव वाढले की असं होतं. वास आणि चव चांगली असेल तर ताक घुसळून संपवा आणि विरजण बदला. पण दह्यावर गुलाबी, नारिंगी, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर सगळं टाका. तिथं दयामाया नाही.

इडलीचं पीठ

इडलीच्या पिठाला कुणी विरजण लावत नाही, तरी ते फुगतं कसं? १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांना दिसलं, की हे पीठ मुख्यतः फुगवतो तो ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू, आणि तो डाळ-तांदळातूनच आलेला असतो. म्हणजे विरजण डाळीबरोबर बाजारातूनच येतं म्हणा ना! उडदातला चिकट अंश त्या वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. जीव काम करणारे आणि उडीद धरून ठेवणारा, या दोघांपैकी कुणी कमी पडलं की इडली बसते.

आता परत नाकाला विचारा. पीठ फुगलं नाही आणि आंबूसही नाही, तर ऊब कमी पडली. बंद ओव्हनमध्ये किंवा गॅस न पेटवता झाकलेल्या मोठ्या कुकरमध्ये, शेजारी गरम पाण्याचं पातेलं ठेवून पीठ ठेवा. तीस अंशांच्या आसपास त्याला बरं वाटतं. मुंबईच्या मे महिन्यात सात-आठ तास पुरतात. थंडीत त्याच्या दुप्पट वेळ लागला तर नवल नाही.

पीठ आंबूस झालं पण फुगलं नाही, तर बहुधा पाणी जास्त झालं किंवा उडीद कमी तरी पडला, जुना तरी होता. वायू तयार झाला आणि निसटून गेला. या पिठाच्या इडल्या दगड होतील, पण डोसे सुरेख होतात. घट्ट करायचं तर थोडा भाजलेला रवा घालून अर्धा तास ठेवा. फारच आंबलं तर तांदळाचं ताजं पीठ, आलं-मिरची आणि बारीक कांदा घालून उत्तप्पे किंवा आप्पे करा. पाहुणे दारात आणि पीठ तसंच बसलेलं, अशा वेळी शेवटच्या क्षणी चिमूटभर खायचा सोडा घाला. तो आंबटपणाशी मिळून वायू सोडतो. यात लाज कसली?

आणि हो, भांडं निम्मंच भरा. पहाटे ओट्यावरून ओघळणारं पीठ हा चुकीचा नव्हे, यशाचा पसारा; पण पुसायचा आपल्यालाच असतो.

अनारसे आणि कुरडया

अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवतो आणि रोज पाणी बदलतो. पाणी बदलणं विसरलं की वास उग्र येतो. एखादा दिवस राहिला तर तांदूळ दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, काम भागतं. तुपात अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पिठात गूळ किंवा ओल जास्त झाली आहे. यासाठी तांदळाचं थोडं पीठ गूळ न घालता नेहमी बाजूला राखून ठेवावं. ते जरासं मळून घ्यायचं आणि एकच अनारसा तळून पाहायचा. उलट जाळी न पडता कडक झाला तर पीठ कोरडं आहे. त्या दिवशी लागेल तेवढ्याच पिठात चमचाभर दूध किंवा पिकलेल्या केळ्याचा तुकडा मळा. डबाभर पिठात दूध घालू नका. गुळातलं पीठ टिकतं, दुधातलं टिकत नाही.

कुरडयांच्या गव्हाचंही तसंच. चीक काढल्यावर आंबट वास फार वाटला तर वरचं पाणी अलगद ओतून नवं पाणी घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. आंबटपणा पाण्याबरोबर निघून जातो, चीक तळाशी राहतो.

लोणचं कुणाच्या शिवण्यानं नासत नाही

आता त्या जुन्या दुखण्याविषयी. पाळी आलेल्या बाईनं बरणीला हात लावला की लोणचं नासतं, असं अजूनही कित्येक घरांत मानतात. बरणीला यातलं काही कळत नाही. बाजारातलं लोणचं आपण बिनदिक्कत खातो. ते घालणाऱ्या बायकांना महिन्यातल्या त्या चार दिवसांचं कोण विचारतं?

लोणचं बिघडतं ते ओल राहिल्यानं, मीठ कमी पडल्यानं आणि फोडी उघड्या राहिल्यानं. कैऱ्या धुऊन पुसल्या नाहीत, बरणी उन्हात वाळली नाही, वाढताना ओला चमचा आत गेला की बुरशीला दार उघडलं. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतं. ते फोडींचं पाणी ओढून घेतं आणि नको त्या जीवांना जगू देत नाही. हल्ली तब्येतीसाठी मीठ कमी करायची टूम आहे. लोणचं कमी खा, पण बरणीतलं मीठ कमी करू नका. वर तेलाचा थर बोटभर हवा, कारण बुरशीला वाढायला हवा लागते.

तेव्हा पुढच्या वेळी बुरशी दिसली तर 'कुणी शिवलं?' असं न विचारता 'चमचा ओला होता का?' असं विचारा. उत्तर तिथं सापडेल, आणि एका मुलीचं मन उगीच दुखावणार नाही.

जिथं माफी नाही

आंबवण चुका पोटात घालतं, कारण आंबटपणा आणि मीठ हे त्याचे राखणदार. जिथं हे राखणदार नाहीत तिथं चूक पोटात जाते ती आपल्याच! एवढ्या चार गोष्टी स्वयंपाकघरात लिहून लावा:

१. रंगीत किंवा केसाळ बुरशी आली तर पदार्थ सगळा टाका. वरची बुरशी खरवडून उपयोग नाही. तिचे धागे आणि विष खालपर्यंत गेलेलं असू शकतं. गाजराच्या कांजीवर किंवा मिठाच्या पाण्यातल्या भाजीवर गुळगुळीत पांढरी साय धरते, ती मात्र बहुधा यीस्टची असते. ती काढून टाकता येते.

२. शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. तो आंबत नाही, नुसता पडून राहतो. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही, आणि नाकालाही ते कळत नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा.

३. कच्चा लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. आता तो ४.६ चा आकडा आठवा. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जिवाणू त्याहून जास्त आंबटपणात वाढू शकत नाही. पण लसणात तेवढा आंबटपणा नसतो आणि तेलाखाली हवा नसते, म्हणजे त्याची सोयच. लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सढळ हातानं घाला. नुसतं लसणीचं तेल केलंत तर ते फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

४. फसफसणाऱ्या पदार्थाला घट्ट झाकण लावू नका. आतल्या वायूनं काचेची बरणी फुटते. बिअर करणाऱ्यांच्या सगळ्या चुका माफ होतात, पण काम पुरं होण्याआधी बाटली बंद करण्याची चूक होत नाही. बाटल्या फुटून काचा उडतात. कांजीचं झाकण सैल ठेवा किंवा तोंडाला फडकं बांधा.

उद्या सकाळी

एक छोटीशी सवय लावून घ्या. विरजण लावताना कॅलेंडरच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहा: 'कोमट, नऊ वाजता' किंवा 'थंडी, टॉवेल'. पंधरा दिवसांत तुमच्या घराची ऊब, तुमच्या दुधाचा स्वभाव तुम्हाला पाठ होईल. चांगल्या दह्याचे दोन चमचे रोज वेगळ्या वाटीत राखून ठेवा. बिघडलं तर शेजारी जायला नको.

आणि कुणी म्हणालंच, "अगं, तुझ्या हाताला गुण नाही," तर उलट उत्तर द्यायचं कारण नाही. हसून म्हणा, "आई, काल दूध जरा जास्त गरम राहिलं होतं. परत विरजण लावलंय, दुपारच्या जेवणाला दही वाढते." तुमच्याही घरी उद्या सून येईल, लेक विरजण लावायला शिकेल. तिचं दही लागलं नाही तर तिच्या हाताकडे पाहू नका. भांड्याला हात लावून पाहा, गार आहे का.